सिरॅमिक हातग्राइंडर: बारीक नीट, पण जाड दळताना निम्मा चुरा. घरच्या घरी काय सुधारता येईल?

दुसराघोट

स्टीलच्या नळीचा, सिरॅमिक बर्रचा (बर्र म्हणजे दळणारे दाते असलेला आतला शंकू आणि बाहेरचं कडं) हातग्राइंडर आहे, दीड हजाराच्या आसपास मिळतो तो. कंपनीचं नाव लिहून उपयोग नाही, हाच साचा वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. रोज साउथ इंडियन फिल्टर आणि अधूनमधून फ्रेंच प्रेस (दट्ट्याचं भांडं) किंवा व्ही६० (कागदी गाळणीचा शंकू, वरून पाणी ओतायचं), असा वापर.

फिल्टरसाठी बारीक दळलं की तक्रार नाही. जाड दळायला गेलं की मात्र मोठे तुकडे, मधले कण आणि पिठासारखा चुरा असं सगळं एकत्र पडतं. फ्रेंच प्रेसच्या तळाशी चिखल होतो. व्ही६०ला १५ ग्रॅम पूड आणि २५० मिली पाणी घेतलं तर पाणी उतरायला साडेचार मिनिटं लागतात, आणि कॉफी आंबटही लागते, कडूही. १५ ग्रॅम दळायला चार मिनिटं जातात ती वेगळीच.

उघडून पाहिलं तर दोन गोष्टी दिसल्या. आतला शंकू खालून बोटाने ढकलला की बाहेरच्या कड्याला जाऊन टेकतो. आणि ते कडंसुद्धा प्लास्टिकच्या घरात किंचित फिरतं. हे घरी सुधारता येतं का? बेअरिंग बसवावं का? हँडल काढून ड्रिलने फिरवलं तर चालेल का? की सरळ मिक्सर बरा? जवळ बॅटरीचं ड्रिल, डिजिटल कॅलिपर आणि वजनकाटा आहे. यावर पाचशेच्या वर खर्च करायची इच्छा नाही.

लेथकट्टा

दोन्ही निरीक्षणं बरोबर आहेत आणि दुखणंही तिथेच आहे. या साच्यात शाफ्टला (मधल्या दांड्याला) आधार फक्त वर, प्लास्टिकच्या बुशमध्ये, म्हणजे दांडा ज्यातून जातो त्या नळकांड्यात, असतो. खाली शंकू नुसता लोंबकळतो. बारीक दळताना फट इतकी कमी असते की चारी बाजूंनी दाबल्या गेलेल्या बियाच शंकूला मध्यावर धरतात, म्हणून तुमची फिल्टरची पूड चांगली येते. फट वाढवली की तो आधार जातो. हँडलचा जोर नेहमी एका बाजूला पडतो, त्यामुळे शंकू एकीकडे सरकतो. तिकडची फट मिटते आणि तिथे पीठ पडतं, समोरची फट उघडते आणि तिथून अर्धवट तुटलेल्या बिया निसटतात. आंबट आणि कडू एकदम लागण्याचं कारण हेच. मोठ्या तुकड्यांतून पुरेसा अर्क उतरत नाही आणि चुऱ्यातून गरजेपेक्षा जास्त उतरतो. पाणी अडतं तेही चुऱ्यामुळेच, तो कागदाची छिद्रं बुजवतो.

काहीही चिकटवण्याआधी मोजा. फ्रेंच प्रेसच्या सेटिंगला ठेवून ग्राइंडर उलटा धरा आणि शंकू-कड्यामधली फट चार ठिकाणी मोजा. गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा जुडगा) मिळतो, त्याच्या पातीचं टोक तिरपं घालून चालतं. गेज नसेल तर ८० जीएसएमच्या साध्या कागदाच्या अरुंद पट्ट्या घ्या. एक पट्टी साधारण ०.१ मिमी, त्यामुळे किती पट्ट्या मावल्या यावरून अंदाज येतो. मग हँडल अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजा. सगळ्यात अरुंद जागा होती तिथेच राहिली तर कडं किंवा बुश मध्यापासून सरकलेलं आहे. ती शंकूबरोबर फिरली तर शाफ्ट वाकडा आहे किंवा शंकू शाफ्टवर तिरका बसतोय. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. उगीच सगळीकडे टेप गुंडाळून काही होत नाही.

कड्याचा उपाय सोपा आहे. कडं काढा, घर आणि कड्याची बाहेरची बाजू कोरड्या ब्रशने साफ करा. कड्याच्या बाहेरच्या कडेवर नळ जोडायची पांढरी टेफ्लॉन टेप ताणून दोन वेढे द्या आणि कडं घरात दाबून बसवा. अंगठ्याने दाबून बसेल आणि हाताने फिरणार नाही इतकं घट्ट हवं. ढिलं वाटलं तर वेढा वाढवा. टेप वरच्या किंवा खालच्या तोंडावर येऊ देऊ नका, नाहीतर कडं तिरकं बसेल आणि टेपचे तुकडे पुडीत पडतील. टेपऐवजी स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइल वापरला तरी चालतं. तो ११ ते १८ मायक्रॉनचा असतो, त्यामुळे एका बाजूलाच दोन घड्या घालून कडं हवं तितकं सरकवता येतं. एम-सील, फेविक्विक असलं काही कॉफीच्या वाटेवर वापरू नका.

बुशचं नंतर बोलू. आकडे टाका.

वस्त्रगाळ

लेथकट्टा यांना अनुमोदन. पण पान्हा हातात घेण्याआधी दोन फुकटचे उपाय करून पाहा.

पहिला: ग्राइंडर उभा धरू नका. तिरपा, जवळजवळ ४५ अंशांत धरून फिरवा. उभ्या ग्राइंडरमध्ये सगळ्या बिया एकदम दात्यांवर दाटतात, दळलेले कण बाहेर पडायच्या आत पुन्हा चिरडले जातात आणि चुरा वाढतो. तिरपा धरला की बिया थोड्या थोड्या आत जातात. वेळ जास्त लागतो, पण हात कमी भरून येतो आणि पूड दिसण्याइतकी सुधारते. लाइट रोस्टच्या कडक बियांना तर हे हवंच.

दुसरा: फ्रेंच प्रेसमधला चिखल ग्राइंडरइतकाच दट्ट्यामुळेही होतो. ३० ग्रॅम पूड, ५०० मिली उकळतं पाणी, चार मिनिटं झाकून ठेवा. मग वर आलेला थर चमच्याने हलकेच मोडा, फेस काढून टाका आणि आणखी पाच-सहा मिनिटं हात लावू नका. चुरा आपोआप तळाला बसतो. दट्ट्या तळापर्यंत दाबायचाच नाही, जाळी पाण्याच्या पृष्ठभागाखाली जेमतेम ठेवून सावकाश ओता आणि शेवटचा अर्धा कप भांड्यातच सोडा. दळण जसं आहे तसं ठेवूनही कपात फरक पडेल.

आणि चाळणी. ३० नंबरच्या जाळीचं भोक साधारण ०.६ मिमी असतं, ६० नंबरच्या जाळीचं ०.२५. व्ही६०साठी ६० नंबरच्या जाळीतून अर्धा मिनिट चाळा आणि खाली पडेल तो चुरा वेगळा करा. तो फेकू नका, उद्याच्या साउथ इंडियन फिल्टरमध्ये मिसळा. पूर्ण चुरा काढायच्या नादाला लागू नका, थोडा चुरा नसेल तर कॉफी पाणचट लागते. फक्त चुरा काढल्यावर वजन पुन्हा करा. १५ ग्रॅमची कृती १२ ग्रॅमवर केली की सगळा हिशोब बिघडतो.

ड्रिलबाज

ड्रिलचं विचारलंय म्हणून. चालतं, पण लोक जसं करतात तसं नाही.

हँडलचं भोक ज्या आकाराचं आहे, शाफ्टच्या डोक्यावर तोच आकार असतो. काहींना षटकोन, काहींना पंचकोन. षटकोन असेल तर कॅलिपरने समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर मोजा आणि त्या मापाचं सॉकेट घ्या. पंचकोन असेल तर सॉकेट शोधत बसू नका. फाजील हँडलची पट्टी कापून तिला मधोमध बोल्ट वेल्ड करून घ्या, ड्रिलचा चक तो बोल्ट पकडतो.

ड्रिल पहिल्या गिअरमध्ये ठेवायचं, क्लच सगळ्यात खालच्या आकड्यापासून सुरू करायचा आणि शंकू अडला की क्लच सुटेल इतकाच वाढवायचा. क्लच न लावता ड्रिलच्या खुणेवर चालवलं आणि एखादा खडा आला तर सिरॅमिकचा टवका उडतो किंवा शाफ्टचं डोकं गोल होतं. वेग मिनिटाला १०० ते १५० फेरे, हाताने आपण फिरवतो त्याहून थोडाच जास्त. ट्रिगर पूर्ण दाबला की बिया दात्यांवर नाचत राहतात, आत जात नाहीत आणि नुसता कडेचा चुरा होतो.

आधी रिकामं फिरवायला सुरुवात करायची आणि मग बिया थोड्या थोड्या सोडायच्या. भरलेल्या ग्राइंडरवर ड्रिल चालू केलं की पहिल्याच झटक्याला सगळा ताण प्लास्टिकच्या बुशवर येतो. नळी दुसऱ्या हातात रबरी ग्लोव्हने धरा किंवा जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, नाहीतर नळीच गोल फिरते.

आणखी एक. ड्रिलच्या थरथरीने खालचा सेटिंगचा नट हळूहळू सैल होतो आणि दळण जाड होत जातं. धाग्याला जागा असेल तर खाली दुसरा पातळ नट जॅम नट म्हणून लावा. नसेल तर दर वेळी क्लिक (नट फिरवताना लागणारे टप्पे) मोजून पाहा.

लेथकट्टा

ड्रिलबाज यांचं सगळं बरोबर, पण क्रम महत्त्वाचा. बुश ढिला असताना ड्रिल लावलं तर आहे तो ढिलेपणा महिन्याभरात दुप्पट होतो. ड्रिलची बाजूची ओढ हाताच्या हँडलपेक्षा कमी असते हे खरं, पण ड्रिल तिरकं धरलं की ती जास्त होते. आधी बुश.

दुसराघोट

मोजलं. चार ठिकाणी फट ०.३५, ०.६०, ०.९५, ०.७० मिमी. हँडल अर्धा फेरा फिरवल्यावरही अरुंद जागा तिथेच. टेफ्लॉनचे तीन वेढे देऊन कडं बसवलं, रुंद बाजूला फॉइलची एक घडी जास्त दिली. आता ०.५५, ०.६५, ०.७५, ०.६५. कडं अजिबात फिरत नाही.

पण बोटाने ढकलल्यावर शंकू अजूनही कड्याला टेकतो. शाफ्टचा व्यास ५.९५ मिमी, बुशचं भोक ६.३०. बुशची लांबी १० मिमी. बुशपासून शंकूपर्यंत साधारण ५० मिमी.

लेथकट्टा

उत्तम. समोरासमोरच्या फटींची बेरीज दोन्ही जोड्यांत आणि दोन्ही वेळा १.३० येते, म्हणजे मोजमापही विश्वासाचं आहे.

आता गणित बघा. भोक आणि शाफ्टमधला फरक ०.३५ मिमी. १० मिमी लांबीच्या बुशमध्ये शाफ्ट जितका तिरका होऊ शकतो, त्याच्या पाचपट फरक ५० मिमी खाली दिसतो. ०.३५ गुणिले ५, म्हणजे मध्यापासून प्रत्येक बाजूला साधारण १.७५ मिमी डोलणं. फट आहे ०.६५. टेकणारच.

म्हणून नुसतं भोक घट्ट करून भागत नाही, बुश लांबही हवा. लेथवाल्याकडून डेलरिनचा (एक कडक, गुळगुळीत प्लास्टिक) बुश टर्न करून घ्या. आतलं भोक ६.०० मिमी, लांबी घरात मावेल तेवढी, निदान २० मिमी. बाहेरचं माप तुमच्या जुन्या बुशचं. आता ०.०५ गुणिले ५० भागिले २०, म्हणजे डोलणं ०.१२ ते ०.१३ मिमीवर येतं. फ्रेंच प्रेसच्या फटीला हे पुरेसं आहे. डेलरिन मुद्दाम सांगतोय, नायलॉन नको. नायलॉन हवेतला ओलावा शोषून फुगतं, पावसाळ्यात कोकणात शाफ्ट आवळला जाईल. पितळही चालतं, पण पितळ-स्टीलच्या घासण्याची काळी भुकटी खाली पुडीत जाऊ शकते. दुकानातल्या लेथवाल्यांना एवढं बारकं काम घ्यायचा कंटाळा असतो. जुना बुश आणि शाफ्ट दोन्ही बरोबर न्या आणि तिथेच बसवून बघा.

बेअरिंगचा मोह होणार हे माहीत आहे. ६ मिमी शाफ्टसाठी ६८६ नंबरच्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास १३ मिमी, ६९६ चा १५, ६२६ चा १९. पण एकच बेअरिंग बसवून डोलणं थांबत नाही, बॉल बेअरिंग थोडंसं तिरकं होऊ देतंच. दोन बेअरिंगं किमान २०-२५ मिमी अंतरावर हवीत, आणि या नळीत तेवढी जागा काढायची तर बिया भरायची जागा जाते. शिवाय तुमचा शाफ्ट ५.९५ आहे, ६.०० च्या बेअरिंगमध्ये तो सैलच बसणार. घ्यायचंच असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं, नावापुढे २आरएस लिहिलेलं घ्या. उघड्या बेअरिंगचं ग्रीस पुडीत जाऊ देऊ नका. खालून दुसरा आधार हा खरा कायमचा उपाय. हारिओ कंपनीच्या जुन्या स्केर्टन हातग्राइंडरसाठी अमेरिकेत ऑर्फन एस्प्रेसो या कंपनीने असा खालचा आधार वेगळा विकला होता, आणि पुढे स्केर्टन प्लसमध्ये हारिओनेच स्थिर करणारी पट्टी घातली. तुमच्या नळीच्या साच्याला तयार असं काही मिळत नाही.

लेथ जमत नसेल तर तात्पुरता उपाय: बुशच्या भोकात बसेल तेवढ्या भागावर शाफ्टला टेफ्लॉन टेपचा एक घट्ट वेढा. थोड्याच दिवसांत झिजेल, पण फरक कळेल आणि लेथचा खर्च करावा की नाही ते ठरवता येईल.

पाटावरवंटा

मिक्सरबद्दल कोणी बोललं नाही. आपल्या मिक्सरचं पातं रिकामं असताना मिनिटाला १८-२० हजार फेरे घेतं. ते दळत नाही, फोडतं, त्यामुळे कणांचं माप वेळेवर अवलंबून राहतं. चटणीचं भांडं घ्या, ३० ग्रॅमपेक्षा कमी बिया घालू नका, कमी बिया पात्याच्या वर उडत राहतात. बटण डावीकडे वळवून एकेक सेकंदाचे आठ-दहा झटके द्या, दर झटक्यानंतर भांडं उचलून हलवा. ३० नंबरच्या जाळीतून चाळा, वर राहील ते पुन्हा दोन-तीन झटके. सलग फिरवलं की तळाचं पीठ होतं, वरच्या बिया अख्ख्या राहतात आणि भांडं गरम होतं.

फिल्टर कॉफी आणि मोका पॉटला हे चालतं. व्ही६०ला नाही. आणि भांडं वेगळं ठेवा. लसणीचा वास पात्याला नाही तर झाकणाच्या रबरी रिंगला धरतो, तो साबणाने जात नाही. दुसरं भांडं नसेल तर निदान झाकणाची रिंग नवी घ्या.

डिकॉक्शन

फिल्टरवाल्यांसाठी एक सूचना: चिकोरी ग्राइंडरमध्ये घालू नका. चिकोरीचे भाजलेले तुकडे हवेतलं पाणी पटकन ओढतात, दात्यांत चिकट थर बसतो आणि तो ब्रशने निघत नाही. चिकोरी पूड म्हणूनच घ्या आणि कॉफी दळल्यावर मिसळा. ८०:२० हवं असेल तर २० ग्रॅम कॉफीला ५ ग्रॅम.

दळण बरोबर आहे की नाही हे फिल्टरच सांगतो. २० ते २५ ग्रॅम पूड, वरची चकती नुसती ठेवलेली, दाबलेली नाही, १२० मिली उकळून थोडं थांबलेलं पाणी. डिकॉक्शन १५ ते २० मिनिटांत उतरलं तर माप बरोबर. पाच मिनिटांत खाली आलं तर दोन क्लिक बारीक. अर्ध्या तासाने वर पाणी शिल्लक असेल तर आधी चकती दाबली गेली का आणि भोकं बुजली आहेत का ते पाहा, मगच जाड करा. चिकोरीने पाणी अडतं, त्यामुळे ७०:३० चं मिश्रण असेल तर कॉफी थोडी जाड हवी.

मधलीसुट्टी

यातच विचारतो. साडेतीन हजारांत विजेवर चालणारा 'बर्र ग्राइंडर' दिसतोय, सतरा-अठरा सेटिंगचा. तो घेतला तर या सगळ्या उचापती वाचतील का?

वस्त्रगाळ

घेण्याआधी कड्याचा फोटो मोठा करून पाहा. त्या किमतीतल्या पुष्कळ यंत्रांत धारदार दाते नसतात, दोन चकत्यांवर बोथट खुंट्या असतात. त्या बिया कापत नाहीत, चेचतात. चुरा खूप होतो आणि चकत्या कितीही नीट बसवल्या तरी सुधारणा होत नाही, कारण दोष बसवण्यात नसून दात्यांच्या आकारात आहे. शंकूचा आकार आणि तिरपे, खोल होत जाणारे दाते दिसले तरच पुढे विचार करा. सेटिंगच्या संख्येला अर्थ नाही. सतरापैकी वरची दहा सेटिंगं एकसारखीच जाड असू शकतात.

शंकूवाला असेल आणि पुरेसं बारीक दळत नसेल तर बाहेरच्या कड्याखाली पातळ वॉशर घालून कडं शंकूच्या दिशेने सरकवता येतं. ०.२ मिमीपासून सुरुवात करा. बसवल्यावर यंत्र रिकामं चालवून सेटिंग हळूहळू बारीक करा. दाते घासल्याचा किणकिणाट आला की थांबा, तोच तुमचा शून्य.

दुसराघोट

शून्यावरून आठवलं. माझ्या ग्राइंडरचा शून्य कसा ठरवायचा? नट पूर्ण आवळला की हँडल फिरतच नाही, आणि कुठे थांबायचं ते कळत नाही.

लेथकट्टा

बिया न घालता हँडल सावकाश फिरवत एकेक क्लिक आवळा. शंकू कड्याला पहिल्यांदा घासल्याचा खरखर आवाज आला की तिथे शून्य धरा. त्याच्या पुढे जोर लावून आवळू नका, सिरॅमिकची धार टवकते आणि ती पुन्हा लावता येत नाही. तिथून बाहेर क्लिक मोजायच्या. नटच्या कडेवर आणि शंकूच्या बुडावर मार्करने एकेक खूण करा म्हणजे धुताना काढल्यावर पुन्हा मोजावं लागणार नाही. बुश बदलल्यावर शून्य बदलेल, पुन्हा ठरवा. ढिल्या बुशमुळे शंकू आधीच एका बाजूला घासत असतो, म्हणजे आत्ताचा शून्य खोटा आहे. दुरुस्तीनंतर तुमच्या नेहमीच्या फिल्टरचा आकडा दोन-तीन क्लिकने सरकला तर घाबरू नका.

या साच्यात एका क्लिकला फट बरीच बदलते. नटाच्या धाग्याची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिमी असेल आणि एका फेऱ्यात १० क्लिक असतील तर शंकू एका क्लिकला ०.१ मिमी वरखाली होतो. फट त्याहून थोडी कमी बदलते कारण शंकूच्या भिंती तिरक्या असतात. व्ही६०ला एक क्लिक इकडेतिकडे केली की अर्ध्या-पाऊण मिनिटाचा फरक पडतो तो यामुळे. मधला आकडा हवा असेल तर क्लिक तीच ठेवून बियांचं वजन एक ग्रॅमने कमी-जास्त करा, सोपं पडतं.

ड्रिलबाज

आणि चुरा नळीला, कपाच्या भिंतींना चिकटत असेल तर बियांवर पाणी. १५ ग्रॅम बियांना बोटाच्या टोकाने एक-दोन थेंब लावून ढवळा आणि मग भरा. ओरेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये 'मॅटर' या नियतकालिकात यावर काम छापलं आहे. बिया जितक्या कोरड्या आणि गडद भाजलेल्या तितका स्थिर विद्युतभार जास्त, आणि पाण्याने तो कमी होतो. त्यांचं प्रमाण दर ग्रॅमला ०.०२ मिलीपर्यंत जातं, म्हणजे १५ ग्रॅमला पाच-सहा थेंब. हातग्राइंडरला एवढं नको, पूड ओलसर होऊन दात्यांखाली गोळे धरते. पावसाळ्यात मुंबईत थेंबाचीही गरज पडत नाही. नागपुरात हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात पडते. प्लास्टिकऐवजी स्टीलच्या वाटीत दळलं तरी चिकटणं कमी होतं.

वस्त्रगाळ

स्टीलच्या बर्रवाल्यांनी थेंब लावल्यावर ग्राइंडर बंद करून ठेवू नये, ब्रश मारून उघडा ठेवावा. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी. सिरॅमिकला गंज नाही, पण वरची स्प्रिंग आणि नट स्टीलचेच असतात.

साफसफाईला कच्चे तांदूळ दळायचा सल्ला फिरत असतो. नको. दाणा कडक असतो, बुशवर विनाकारण ताण येतो आणि तांदळाचं पीठ कोपऱ्यात बसून पावसाळ्यात बुरशी धरतं. सुटे भाग काढून रंगाच्या नव्या अर्ध्या इंची ब्रशने झाडलं की झालं. सिरॅमिकचे भाग कोमट पाण्याने धुतले तरी चालतात, पूर्ण वाळवून मगच जोडा. शाफ्टला वंगण म्हणून खोबरेल किंवा शिलाईमशीनचं तेल घालू नका. खोबरेल खवट होतं आणि शिलाईमशीनचं तेल खाण्याजोगं नाही. डेलरिनला तेल लागतच नाही.

डिकॉक्शन

सगळ्यांनी एवढं सांगितलंय, तरी माझं मत वेगळं आहे. कड्याची टेप, तिरपं धरणं आणि चाळणी एवढं करावं, ते जवळजवळ फुकट आहे. लेथ आणि सॉकेट मिळून पाचशे-सातशे जात असतील तर थांबावं. ३८ मिमी स्टील बर्रचा, शाफ्टला वर आणि खाली दोन बेअरिंगं असलेला हातग्राइंडर हेच काम मिनिटाभरात करतो. टाइममोर सी२ या अशा हातग्राइंडरमध्ये एका क्लिकला साधारण ८३ मायक्रॉन पडतात, व्ही६० साठी वीस ते चोवीसच्या मध्ये कुठेतरी जमतं. किंगराइंडर के६ चा बर्र ४८ मिमीचा, क्लिकला १६ मायक्रॉन, म्हणजे एस्प्रेसोपर्यंत जाता येतं. पण तुम्ही रोज फिल्टरच पिता. त्यासाठी आहे तो सिरॅमिक पुरतो.

लेथकट्टा

हिशोब पटतो, पण डेलरिनचा तुकडा लेथवाल्याकडे भंगारात पडलेला असतो. काम दीडशे-दोनशेत होतं, आणि सॉकेट घ्यायलाच हवं असं नाही. पाचशेच्या आत बसतंय.

दुसराघोट

बुश करून घेतला. भोक ६.००, लांबी २२ मिमी. शंकू आता ढकलल्यावर जेमतेम हलतो, टेकत नाही. त्याच क्लिकला व्ही६० साडेचारऐवजी तीन मिनिटं पाच सेकंदांत उतरली. पूड अजून चार मिनिटांनीच दळून होते, तिरपं धरून पाच. ड्रिल तूर्त बाजूला. टेफ्लॉनची टेप किती दिवसांनी बदलायची?

लेथकट्टा

दिवसांवर नाही. कडं काढून धुतलंत की बदला, एकदा दाबली गेलेली टेप पुन्हा तशी बसत नाही. न काढता वापरत असाल तर महिन्यातून एकदा कडं अंगठ्याने फिरवून बघा. हललं तरच काढा. जुन्या टेपचे धागे घराच्या खाचेत अडकतात, ते दात कोरायच्या काडीने काढून मग नवे वेढे द्या आणि फट पुन्हा चार ठिकाणी मोजा.